पहिल्या ओळीतलं नाव

ते गाणं मला कधीच आवडलं नाही, आजही आवडत नाही. त्याचे शब्द मी इथे लिहिणार नाही. दोन वर्षांपूर्वी पुण्याहून एक गृहस्थ माझ्याकडे आले होते, जुन्या तबकड्या जमवणारे. ‘बाई, त्या वर्षी सगळ्यात जास्त खपलेली तबकडी ती. तुमच्या दुकानात तर वर्षभर पहिल्या नंबरावर होती म्हणे. एखादी प्रत असेल का?’ असं त्यांनी फार गोड आवाजात विचारलं. मी त्यांना चहा दिला आणि सांगितलं की असती तर केव्हाच चुलीत घातली असती, लाखेची तबकडी चांगली जळते. गृहस्थ हसले. म्हातारी थट्टा करते आहे असं त्यांना वाटलं असावं. माझी नात दर रविवारी टीव्हीसमोर बसून गाण्यांची क्रमवारी बघते. दहाव्या नंबरापासून एकेक गाणं वर वर जातं आणि पहिला नंबर कळल्याशिवाय ती जेवायला उठत नाही. ही तिच्या काळातली गंमत आहे असा तिचा समज आहे. सोलापुरात, नवी पेठेत, आमच्या दुकानाच्या दारात ही क्रमवारी खडूने लिहून टांगलेली असायची, आणि ती लिहिणारी मी होते. तेव्हा हे मलाच लिहायला हवं. गोड करून लिहिणं मला जमणार नाही.

खाली दुकान, वर आम्ही. दुकान ग्रामोफोनचं. दर्शनी बाजूला मशिनं आणि तबकड्यांची कपाटं, काउंटरवर सुयांच्या डब्या, मागे तुटलेल्या स्प्रिंगा दुरुस्त करायचं टेबल. अप्पा सकाळी आंघोळ करून, कपाळाला विभूती लावून, तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजेला बसायचे, आणि पूजा आटोपली की पहिलं काम म्हणजे कुणावर तरी ओरडायचे. आमच्या घरात कुणी कुणाशी प्रेमाने बोलल्याचं मला फारसं आठवत नाही. अप्पा अव्वावर, म्हणजे आईवर, अव्वा आमच्यावर आणि मी मांजरावर, असा तो राग जिन्याने खाली-वर फिरत असायचा. बोलणं अर्धं मराठी, अर्धं कानडी. राग आला की सगळं कानडी. ‘सुम्म कूड’, म्हणजे गप्प बस, हे मी सगळ्यात आधी शिकलेले शब्द असावेत. पहाटे गिरणीचा भोंगा झाला की अव्वाच्या भाकरी थापण्याचा आवाज सुरू व्हायचा. आठवड्यातून दोनदा ती पातळ कडक भाकऱ्या करून टोपलीत रचून ठेवायची, आणि उखळात शेंगाचटणी कुटण्याचं काम माझ्या थोरल्या बहिणीकडे, नीलाक्काकडे असायचं. लसणाचा आणि भाजलेल्या दाण्यांचा वास जिन्यावरून खाली दुकानात जायचा आणि दुकानातून गाणी वर यायची. गाणी म्हणजे अर्धी गाणी. गिऱ्हाईक अर्धी तबकडी ऐकून ‘हे नको, दुसरं लावा’ म्हणायचं, आणि अप्पा सुई उचलायचे. माझं लहानपण अर्ध्या गाण्यांवर गेलं. कित्येक गाण्यांचा शेवट मला अजून माहीत नाही.

पूर्ण गाणं ऐकायला मिळायचं ते फक्त अक्काच्या तोंडून. ती माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. मठात सोमवारी बायकांचं भजन असायचं, तिथे ती शिकली. बाकी कुणी शिकवलं नाही. आवाज मुलीच्या मानाने खालचा, जाड, आणि मोठा. चटणी कुटताना मुसळाच्या ठोक्यावर ती म्हणायची आणि कुटून झालं तरी गाणं संपेपर्यंत मुसळ थांबायचं नाही, त्यामुळे आमच्याकडची चटणी फार बारीक असायची. अव्वा त्यावरून रोज कुरकुरायची. मी ऐकत बसायची. मला गाता येत नव्हतं, आणि तिला येतं याचा मला थोडा रागही यायचा, हे खरं आहे ते लिहून टाकते.

तबकड्यांच्या कंपनीचे एजंट मुंबईहून दोन-तीन महिन्यांनी यायचे. कोट, टोपी, हातात नव्या गाण्यांची यादी. एकदा ते खाली अप्पांशी बोलत असताना वर अक्काची चटणी चालली होती. एजंट बोलता बोलता थांबले. ‘हे कोणतं रेकॉर्ड? आमचं नाही,’ असं म्हणाले. अप्पांनी सांगितलं की रेकॉर्ड नव्हे, मुलगी आहे. पुढचं बोलणं मी जिन्यावर बसून ऐकलं. एजंट म्हणाले, मुलीला मुंबईला घेऊन या, दोन गाणी भरू. अप्पा म्हणाले, आमच्या घरातल्या बायका असलं काही करत नाहीत, आमच्या समाजात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. एजंट म्हणाले, नाव दुसरं छापू, कुणाला कळायचं कारण नाही, आणि सबंध जिल्ह्याची एजन्सी तुम्हाला देऊ.  अप्पांनी हाक मारून चहा मागवला. अक्काला कुणीच काही विचारलं नाही. तिला सांगितलं ते इतकंच, की परवा मुंबईला जायचंय, दोन लुगडी बांध.

मुंबईहून परत आल्यावर तिने मला एवढंच सांगितलं, की एका खोलीत भिंतींना जाड पडदे टांगले होते, टाचणी पडली तरी ओरडतील असे लोक होते आणि गाणं तीन मिनिटांत संपवावं लागलं, त्यामुळे शेवट घाईत झाला. गाणं त्यांच्याच कुणी लिहिलेलं होतं. वाट बघणाऱ्या बाईचं, उगाच नाजूक. माझ्या अक्काच्या आवाजाला ते अजिबात शोभत नव्हतं आणि लोकांना नेमकं तेच आवडलं. दोन महिन्यांनी पेटी आली. तबकडीच्या मधल्या गोल कागदावर छापलं होतं: मिस मोहिनी. अक्काने ती तबकडी हातात घेऊन उलटीसुलटी करून पाहिली आणि परत कागदात घातली.

आता फळ्याचं सांगते. अप्पांची ही स्वतःची अक्कल होती. मंगळवारी आमच्याकडे मोठा बाजार. आसपासच्या गावांतून माणसं यायची. बाजारातला माणूस दुकानात आला की कोणती तबकडी घ्यावी ते त्याला कळायचं नाही, आणि दहा तबकड्या ऐकवत बसलं की सुया झिजायच्या. म्हणून अप्पांनी दारात एक काळा फळा टांगला. त्यावर पाच ओळी: गेल्या आठवड्यात सगळ्यात जास्त विकलेली पाच गाणी, क्रमाने. प्रत्येक गाण्याचा एक रिकामा सुयांचा डबा होता. तबकडी विकली की त्यात एक चिंचोका. सोमवारी दुपारी मी चिंचोके मोजायची आणि फळा लिहायची, कारण अप्पा कानडी शाळेत शिकलेले. मराठीची बाळबोध लिपी त्यांना वाचता यायची, पण बोट ठेवून, अक्षर लावत. माझं अक्षर चांगलं होतं. गावातल्या चहाच्या हॉटेलवाल्यांना तर तो फळा म्हणजे हुकूम वाटायचा. पहिल्या नंबरचं गाणं ज्याच्या हॉटेलात नाही त्याच्याकडे गिरणीकामगार बसेनात.

मोहिनीबाई तिसऱ्या आठवड्यात पहिल्या ओळीत जाऊन बसल्या त्या उठल्याच नाहीत. खालच्या चार ओळी बदलत राहिल्या. कधी कुण्या नाटकवाल्याचं आलापांनी खच्चून भरलेलं पद, ते वकीलमंडळी घ्यायची. कधी नवरा-बायकोच्या भांडणाची विनोदी तबकडी, तिच्यातला नवराच बायकोचाही आवाज काढायचा आणि लोक पोट धरून हसायचे. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही, ते भांडण मी घरी फुकट ऐकत होते. कधी एखादा पोवाडा, तो कामगारांचा. बोलपटांतली हिंदी गाणी नुकती येऊ लागली होती. सगळी यायची आणि जायची. पहिली ओळ तशीच. शेवटी अप्पा म्हणाले, ‘वरची वळ पुसूच नको. उगा खडू जातो.’ त्यानंतर मी खालच्या चारच ओळी पुसत असे. पहिल्या ओळीकडे बघायचं लोकांनी सोडून दिलं. अप्पांनीही.

आणि घरात काय झालं? समोरच्या हॉटेलात राजय्याने ती तबकडी सकाळी आठला लावली की दुपारपर्यंत सुई काढत नसे. राजय्या विणकरांच्या घरातला, तेलुगू बोलणारा, मागावर बसायचा कंटाळा म्हणून चहाकडे वळलेला. एका सकाळी त्याच्या हॉटेलातून ते गाणं येत होतं आणि वर उखळापाशी अक्का नकळत त्याच्या बरोबर म्हणू लागली. दुकानातल्या एका गिऱ्हाइकाने मान वर केली. ‘मालक, वरबी बाजा लावलाय व्हय? दोनीकडनं येतंय.’ अप्पा तसेच वर आले. त्यांनी अक्काला मारलं नाही. तिच्या हातातलं मुसळ काढून भिंतीला लावलं आणि म्हणाले, ‘आजपास्नं घरात गळा काढायचा न्हाई. गाणं न्हाई, भजन न्हाई, मंगळारती न्हाई. कुणी वळखलं तर संपलं. सुम्म कूड.’ तबकडीतला आवाज नीलाचाच का, असं विचारायला मठातल्या दोन बायका आल्या तेव्हा अव्वाने गळ्यातल्या लिंगावर हात ठेवून सांगितलं की ती आमची पोर नव्हे, आमच्या पोरीचा तर घसा बसलाय. अव्वा एवढी देवभीरू बाई. त्या दिवशी ती जेवली नाही, आणि दुसऱ्या दिवसापासून अक्काच्या तोंडाकडे लक्ष ठेवून बसू लागली.

असं वर्ष गेलं. सोलापुरातल्या प्रत्येक हॉटेलात, लग्नाच्या मांडवात, टांग्याच्या अड्ड्यावर माझ्या बहिणीचा आवाज, आणि माझी बहीण चटणी कुटताना ओठ घट्ट मिटून. चटणी जाडीभरडी होऊ लागली. अव्वा त्यावरूनही बोलायची. मला अप्पांचा इतका राग यायचा की त्यांच्या ताटात मी करपलेली भाकरी शोधून वाढायची. अक्काला राग येत नाही याचा मला आणखी राग. एकदा मी तिला म्हटलं, ‘तू काहीच कशी म्हणत नाहीस?’ ती म्हणाली, ‘म्हणायचंच तर बंद हाय की.’ आणि हसली. तिचं ते हसणं मला तेव्हा भ्याडपणाचं वाटलं.

मग स्थळ आलं. अक्कलकोटच्या पलीकडे एका गावचे पाटील, आमच्याच समाजाचे, बागायत, चार बैलजोड्या. घरात ग्रामोफोन नाही, मुलगा शांत. पाहायला आले तेव्हा बायका वर आणि पुरुष खाली दुकानात बसले. अव्वाने चुरमुऱ्यांचा तिखट सुसला आणि गव्हाची गोड हुग्गी केली होती. मी ताटल्या घेऊन खाली गेले तेव्हा अप्पा पाटलांना मशीन दाखवत होते आणि अर्थातच त्यांनी पहिल्या नंबरची तबकडी लावली होती. पाटलांनी डोळे मिटून सबंध ऐकली. शेवटी मान हलवून म्हणाले, ‘आवाज लई गोड हाय. पण असल्या बायका म्हंजे बाजारातल्याच. ऐकायला बऱ्या, उंबऱ्याच्या आत न्हाईत.’ आणि अप्पा हसले. दात दाखवून, मोठ्याने, ‘तर वो, तर’ म्हणत हसले. मी ताटल्या ठेवल्या आणि वर आले. वर मुलाची आत्या अक्काला काही विचारायचं असेल तर विचार म्हणत होती. अक्काने एकच विचारलं, ‘मळ्यातली हीर गावापास्नं किती लांब हाय?’ सगळ्या बायका हसल्या. पोरीला पाणी आणायची भीती वाटते म्हणाल्या. अर्धा कोस, आत्याने सांगितलं. अक्काने मान डोलावली. त्याच दिवशी साखरपुडा झाला, साडी दिली, ओटी भरली.

सोमवारी चिंचोके मोजून मी फळा घेतला. खालच्या चार ओळी पुसल्या. मग ओलं फडकं घेऊन पहिली ओळही पुसली. इतके महिने न पुसलेला खडू लवकर निघेना, घासावं लागलं. तिथे गाण्याचं नाव परत लिहिलं आणि पुढे, मिस मोहिनीच्या जागी, माझ्या चांगल्या अक्षरात लिहिलं: गाणारी नीला, या दुकानाचे मालक बसप्पा यांची थोरली मुलगी. आपण अक्कासाठी हे करतो आहोत असं मी स्वतःला सांगत होते. माझ्या डोळ्यांपुढे मात्र अप्पांचे हसताना दिसलेले दात होते. आज विचाराल तर अक्का त्या वेळी माझ्या मनात किती होती ते मला सांगता येणार नाही. फार नसावी.

मंगळवारी सकाळी अप्पांनी फळा उचलला, खालच्या ओळींवरून बोट फिरवून त्या वाचल्या, ‘पोवाडा चढला की वर’ म्हणाले आणि दारात टांगला. पहिल्या ओळीवर त्यांनी नजरही टाकली नाही. लोकांनीही नाही. शेकडो माणसं त्या फळ्याखालून गेली. मी वरच्या खिडकीत बसून बघत होते आणि मला रडू येत होतं, इतकं करून कुणी वाचायलाच तयार नाही. दुपारी राजय्याची तबकडी झिजून खरखरायला लागली. त्या वर्षातली त्याची ती चौथी. नवी घ्यायला तो रस्ता ओलांडून आला, आणि अप्पा दुसऱ्या गिऱ्हाइकात होते म्हणून दारात फळ्यासमोर उभा राहिला. थोड्या वेळाने आत जाऊन म्हणाला, ‘अप्पा, ही नीला म्हंजे आपली नीलाच काय?’

‘कोण नीला?’

‘फळ्यावर लिवलंय की तुमी. थोरली मुलगी म्हणून.’

अप्पा बाहेर आले. पहिल्या ओळीवर बोट ठेवून अक्षर लावत वाचू लागले. त्यांचं वाचून होईपर्यंत मागे वीस माणसं गोळा झाली होती, आणि त्यात, हातात लग्नाच्या कापडाचं बोचकं घेऊन, पाटील उभे होते. बाजाराचा दिवस म्हणून ते आणि आत्या बस्ता बांधायला नवी पेठेत आले होते. याचा मी विचार केला नव्हता. खोटं कशाला सांगू, केला असता तरी लिहिलंच असतं.

पाटील ओरडले नाहीत. म्हणाले, ‘बसप्पाअण्णा, हे खरं का खोटं, येवढंच सांगा.’

‘धाकटी पोर खुळी हाय. चेष्टा केली तिनं,’ अप्पा म्हणाले.

‘मग थोरलीला बोलवा खाली. दोन वळी म्हणू द्या. मी न्हवं, हे समदे हायत, तेच सांगतील.’

अप्पा जिन्याकडे बघत उभे राहिले. त्यांनी हाक मारली नाही. पाटलांनी जरा वाट पाहिली आणि मग आत्याकडे वळून म्हणाले, ‘चल. साडी पाठवून देतील ते.’ गर्दीने त्यांना वाट करून दिली.

त्यानंतर अप्पा वर आले आणि त्यांनी मला मारलं. खूप मारलं. अव्वा मध्ये पडली नाही. अक्का पडली, तर तिलाही एक बसला. सगळ्या पेठेला ऐकू गेलं असेल, पण पेठेचं लक्ष दुसरीकडे होतं. खाली माणसं तबकडी मागत होती. मिस मोहिनी ही बसप्पाची पोर आहे हे कळल्यावर ज्यांच्याकडे ती होती त्यांनाही आणखी एक हवी होती. अप्पांना खाली जावं लागलं. दोन तासांत कपाट रिकामं झालं, मागची पेटी फोडली, तीही संपली. आणि चारच्या सुमाराला अप्पा फळा काखेत मारून पुन्हा वर आले. माझ्या गालावर त्यांची बोटं अजून उठलेली होती. त्यांनी फळा माझ्यासमोर ठेवला आणि नेहमीच्या, साध्या आवाजात म्हणाले, ‘गौरे, हे नाव जरा मोठ्या अक्षरात लिही. लांबनं दिसत न्हाई.’

मी खडू हातात घेतला. इतकी वर्षं हे मी कुणाला सांगितलेलं नाही. मला त्या क्षणी आनंद झाला होता. मी जिंकले असं वाटलं. अप्पा माझ्याकडे काहीतरी मागत होते. मी ‘नी’ची वेलांटी काढतच होते तेवढ्यात चुलीपुढून अक्का उठून आली. तिचा हात ओल्या पिठाने माखलेला होता. तो तिने फळ्यावरून, पहिल्या ओळीवरून, आडवा फिरवला. पांढऱ्या पिठाचा आणि खडूचा लगदा झाला.

‘तुमी खाली जावा,’ ती अप्पांना म्हणाली. तिने अप्पांना कधी काही करायला सांगितलेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. अप्पा गेले. मग ती माझ्यासमोर बसली.

‘त्यांनी माझा आवाज दिऊन टाकला, मला इचारलं न्हाई,’ ती म्हणाली. ‘तू माझं नाव दिऊन टाकलंस. तूबी इचारलं न्हाईस.’

‘मी तुझ्यासाठीच केलं अक्का. ते पाटील तुला काय काय बोलले ते तुला माहीत नाही.’

‘म्हाईत हाय. जिन्यावर ऐकू येतं समदं.’ तिने हाताचं पीठ खरवडलं. ‘अर्ध्या कोसावर हीर हाय त्यांची. आसपास कुणाचं घर न्हाई. रोज पाणी शेंदाया मीच गेले असते. तितं म्हटलं असतं. कुणी ऐकलं नसतं, कुणी वळखलं नसतं, कुणी इकलं नसतं. वरीसभर मी तेवढं एकच ठरवून बसले होते, गौरे.’

मी म्हटलं, मला सांगायचं होतंस. ती म्हणाली, ‘तू लई रागात असतीस. रागातल्या माणसाला काय सांगायचं?’ आणि उठून तवा खाली उतरवायला गेली, कारण भाकरी करपली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गायली. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी खाली नळावर होते. वरून तिचा आवाज आला, मुसळाच्या ठोक्यावर, मठातलं जुनं भजन, आणि तो आवाज वर्षभर दाबून ठेवला होता तरी जराही कमी झालेला नव्हता. रस्त्यावरची माणसं मान वर करून उभी राहिली. मी घागर तशीच टाकून जिना चढले. दारात पाऊल ठेवलं, आणि ती थांबली. माझ्याकडे पाहून म्हणाली, ‘पाणी आणलंस?’ चटणी वाटीत काढायला लागली. मला वाटलं, गाणं संपलं असेल.

तसं नव्हतं. संध्याकाळी तेच. दुसऱ्या दिवशी तेच. अव्वासमोर ती म्हणायची, अप्पांसमोर म्हणायची, मठात परत जाऊ लागली तिथे म्हणायची. मी आले की थांबायची. रागाने नाही. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं, राग माझ्या ओळखीचा होता. पुन्हा मुंबईहून एजंट आले, खरं नाव छापू म्हणाले, तेव्हा तिने जिन्यात उभं राहूनच नको म्हणून सांगितलं. गळा माझा हाय, एवढंच बोलली, आणि अप्पांनी मान खाली घातली. काही आठवड्यांनी एका बोलपटातलं गाणं पहिल्या ओळीत आलं. ते मीच लिहिलं. पण फळा टांगताना आता अप्पा पहिल्या ओळीवरही बोट फिरवायचे.

तिचं लग्न पुढे सांगोल्याच्या एका शाळामास्तरांशी झालं. बिजवर, वयाने मोठे, स्वभावाने चांगले. त्यांना तिचं गाणं माहीत होतं आणि त्यांनी तिला कधी अडवलं नाही. माझं लग्न सोलापुरातच झालं. मी वर्षातून दोनदा तिच्याकडे जायची. बोळाच्या तोंडाशी टांग्यातून उतरलं की तिचा आवाज ऐकू यायचा. मी चप्पल हातात घेऊन हळू चालायची, भिंतीला टेकून उभी राहायची. कितीही हळू गेले तरी दार वाजवावं लागायचंच, आणि दार वाजलं की आत शांत व्हायचं. ‘आलीस? हातपाय धू, दमली असशील,’ अक्का म्हणायची. माझ्या आवडीची हुग्गी केलेली असायची. माझ्या मुलांवर तिने माझ्याहून जास्त माया केली. चाळीस वर्षांत तिने मला एक वाकडा शब्द बोलून दाखवला नाही. माफ केलंस का, असं मी विचारलं नाही. मला विचारता आलं नाही. आणि खरं तर तिने केलं असावं. गाणं तेवढं दिलं नाही.

ती गेली त्या आधी महिनाभर मी तिच्या उशाशी होते. बोलणं जवळजवळ थांबलं होतं. डोळे मिटून पडलेली असायची. एका दुपारी तिच्या सुनेने मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि जरा संकोचत म्हणाली, ‘मावशी, तुमाला म्हाईत हाय का? तुमी चहाला उठलात की सासूबाई गाणं म्हणतात. बारीक आवाजात, पण म्हणतात.’ त्यानंतर मी दिवसातून पाच-सहा वेळा चहाला उठू लागले.